अश्वशक्तीची परीक्षा

बैलबाजारांत गेलेला शेतकरी बैल कसा पारखतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो आधीं दात पाहतो, मग खूर, मग वशिंड. पाठीवरून हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मन साशंक असलें तर गाडीला जुंपून पाहिल्याखेरीज पैसे मोजीत नाहीं. ही पारख त्याला बापानें शिकविलेली असते आणि बापाला आजानें. परंतु बैलाच्या जागीं जेव्हां लोखंडाचें यंत्र आलें, तेव्हां ही पिढीजाद विद्या एकाएकीं निरुपयोगी झाली. यंत्राला दात नाहींत कीं वय सांगणारे खूर नाहींत. विकणारा जो आंकडा सांगेल तो खरा मानावयाचा, एवढेंच घेणाऱ्याच्या हातीं उरलें.

शेतीसाठीं मोठ्या शक्तीचा ट्रॅक्टर घेतांना कोणता घ्यावा आणि कां घ्यावा, हा प्रश्न आज जितका खेड्यांतील शेतकऱ्यापुढें आहे, तितकाच शहरांत राहून गांवच्या जमिनीची काळजी वाहणाऱ्या कुटुंबापुढेंहि आहे. एक विक्रेता पन्नास अश्वशक्ति सांगतो, दुसरा पंचावन्न सांगतो, तिसरा त्याहून पुढें जातो. ह्या आंकड्यांचा अर्थ काय, तो कोणीं ठरविला, आणि तो खरा आहे हें कशावरून समजावें, ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्या इतिहासांत शास्त्रज्ञ आहेत, कारखानदार आहेत, आणि फसला गेल्यावर स्वस्थ न बसणारा एक शेतकरीहि आहे.

अश्वशक्ति हें माप रूढ केलें तें जेम्स वॅट ह्या स्कॉटिश यंत्रविशारदानें, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. त्या काळीं इंग्लंडांतील कारखान्यांत चक्क्या व पंप चालविण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं घोडे करीत. वॅटला आपलें वाफेचें एंजिन विकावयाचें होतें. आणि हें यंत्र आपल्या किती घोड्यांचें काम करील, हें घेणाऱ्याला कळल्यावांचून तो पैसे कशाला देईल? म्हणून वॅटनें घोड्याच्या कामाचें माप बसविलें. ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलण्याइतकें काम म्हणजे एक अश्वशक्ति. वस्तुतः सामान्य घोड्याला एवढें काम दिवसभर झेपत नाहीं. म्हणजे वॅटचें माप ढळतें होतें आणि त्याचा लाभ गिऱ्हाइकालाच झाला. वीस अश्वशक्तीचें म्हणून घेतलेलें एंजिन वीसांहून अधिक घोड्यांना विश्रांति देई. मापाचा जन्म असा सचोटींत झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं ह्याच शब्दाच्या आडून शेतकऱ्याची पुष्कळ फसवणूक झाली.

कारखान्यांतील यंत्र शेतांत नेणें मात्र सोपें नव्हतें. कारखान्यांत एंजिन पक्क्या पायावर उभें असतें. शेतांत त्याला मऊ मातींतून स्वतःचें वजन ओढीत चालावें लागतें. बाष्पयंत्र अनेक टन वजनाचें. तें शेतांत घातलें म्हणजे नांगरानें जमीन उकरावयाची आणि चाकांनीं तीच दडपून टाकावयाची, असा उलटा व्यवहार होई. ह्या अडचणींतून इंग्लंडच्या जॉन फौलरनें वाट काढली. त्यानें एंजिन शेतांत घातलेंच नाहीं. तें बांधावर उभें करून पोलादी दोरानें नांगर ओढण्याची युक्ति त्यानें सिद्ध केली, आणि १८५८ सालीं इंग्लंडच्या रॉयल कृषिसंस्थेचें ५०० पौंडांचें पारितोषिक मिळविलें. पुढें शेताच्या दोन्ही बांधांवर एकेक एंजिन ठेवून नांगर आळीपाळीनें इकडून तिकडे व तिकडून इकडे ओढण्याची पद्धति पडली. असा संच घेणें एकट्या शेतकऱ्याला परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून तो बाळगणारे ठेकेदार निर्माण झाले. ते गांवोगांव फिरून एकराच्या हिशेबानें नांगरट करून देत. शक्ति फार मोठी असेल तर ती एकट्यानें विकत घेण्यापेक्षां अनेकांनीं भाड्यानें वापरावी, हा धडा शेतीच्या इतिहासांत इतका जुना आहे.

उत्तर अमेरिकेंत परिस्थिति निराळी होती. डाकोटा, मॅनिटोबा, सस्कॅचवान ह्या प्रांतांतील गवताळ मैदानें मैलोगणती सपाट पसरलेलीं. बांध नाहीं, कुंपण नाहीं, आणि जमिनींत गवताच्या मुळांचें शतकानुशतकांचें जाळें. तेथें वजनाची पर्वा न करतां दहा-दहा, बारा-बारा फाळांचे नांगर ओढणारीं वाफेचीं एंजिनें थेट शेतांत उतरलीं. परंतु त्यांची चाकरी मोठी होती. एक माणूस एंजिन हांकण्यास, एक भट्टींत इंधन टाकण्यास, आणि एक पाण्याची गाडी सतत भरून आणण्यास लागे. ठिणगी उडून उभें पीक पेटण्याचें आणि बाष्पपात्र फुटून माणसें दगावण्याचें भय नेहमींचें होतें.

१८९२ सालीं आयोवा संस्थानांत जॉन फ्रोलिक ह्यानें पेट्रोलवर चालणारें व पुढें-मागें दोन्हीकडे जाणारें यंत्र तयार केलें. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत त्याच संस्थानांतील चार्ल्स सिटी गांवीं हार्ट आणि पार ह्या दोघां सहाध्यायांनीं अशीं यंत्रें बांधून विकण्याचा धंदा सुरू केला. ‘ट्रॅक्टर’ हें नांव ह्या यंत्रांना रूढ झालें तें प्रामुख्यानें ह्याच कंपनीच्या जाहिरातींमुळें. तिच्या एका सुप्रसिद्ध यंत्राचें नांव ‘३०-६०’ असें होतें. वजन सुमारें दहा टन. ह्या दोन आंकड्यांचा अर्थ आजच्या गिऱ्हाइकानेंहि समजून घेण्यासारखा आहे. दुसरा आंकडा पट्ट्याचा. यंत्र एका जागीं उभें करून त्याच्या चाकावर पट्टा चढवून मळणीयंत्र फिरविलें तर साठ अश्वशक्ति मिळे. पहिला आंकडा ओढीचा. तेंच यंत्र नांगराला जुंपलें कीं हातीं लागे तीसच. उरलेली निम्मी शक्ति दांतेचक्रांच्या घर्षणांत, चाकें घसरण्यांत आणि दहा टनांचा देह मातींतून पुढें नेण्यांत खर्च होई. एंजिनाची शक्ति आणि नांगराच्या कामीं येणारी शक्ति ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, ही कबुली यंत्राच्या नांवांतच दिलेली होती.

वजनाच्या प्रश्नाला कॅलिफोर्नियांत दुसरें उत्तर मिळालें. स्टॉकटन गांवाभोवतींची नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत होती कीं, तेथें मोठालीं यंत्रें चाकांसकट रुतून बसत. बेंजामिन होल्ट ह्या कारखानदारानें आधीं चाकें रुंद करून पाहिलीं. पण चाकांची रुंदी वाढतां वाढतां यंत्रच हाताळण्यापलीकडे गेलें. अखेर १९०४ च्या नोव्हेंबरांत त्यानें चाकें काढून टाकून त्यांच्या जागीं फिरते पट्टे बसविले. यंत्र आपली सडक आपणच पुढें अंथरीत आणि मागें गुंडाळीत जाऊं लागलें. वजन तेवढेंच, परंतु तें मोठ्या पृष्ठभागावर पसरल्यामुळें माती दबेना आणि यंत्र रुतेना. सुरवंटासारखी ही चाल पाहून त्याला ‘कॅटरपिलर’ हें नांव पडलें, आणि १९२५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें तेंच धारण केलें.

अशा रीतीनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शेतकऱ्यापुढें वाफ, पेट्रोल आणि रॉकेल, चाकें आणि पट्टे, पांच टन आणि पंधरा टन, असे नाना प्रकार येऊन उभे राहिले. त्यांतून निवड कशी करावयाची? कॅनडांतील विनिपेग शहरीं औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळीं १९०८ सालीं प्रथमच यंत्रांच्या शर्यतवजा चाचण्या भरविण्यांत आल्या. इंधन तोलून देत, नांगरलेली जमीन मोजून घेत आणि त्यावरून गुण ठरवीत. पुढें त्यांत बाष्पयंत्रेंहि घेतलीं. ह्या चाचण्यांपासून कारखानदार पुष्कळ शिकले. तथापि एक उणीव राहिली. ज्या कंपनीला इच्छा असेल तीच स्पर्धेंत उतरे, आणि उतरतांना आपलें निवडक यंत्र व निष्णात चालक घेऊन येई. शेतकऱ्याच्या पदरांत पडणारें यंत्र असेंच असेल, ह्याची हमी कोणी देत नव्हतें.

पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि ह्या उणिवेचे परिणाम दिसूं लागले. घोडे आणि माणसें दोन्ही युद्धावर गेलीं, धान्याचे भाव चढले, आणि जो तो ट्रॅक्टर मागूं लागला. मागणी पाहून जागोजाग कंपन्या निघाल्या. महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेंत त्यांची संख्या दीडशेच्या पलीकडे गेली. त्यांत नेकीचे कारखाने होते, तसेच कागदावरचे चित्र दाखवून पैसे गोळा करणारेहि होते. मिनियापोलिस येथील एका कंपनीनें तर फोर्ड आडनांवाचा एक मनुष्य हाताशीं धरून आपल्या यंत्राला फोर्ड हें नांव दिलें. मोटारगाड्यांमुळें घरोघर पोंचलेल्या हेन्री फोर्डचा ह्या कंपनीशीं कांहींएक संबंध नव्हता. उलट १९१७ सालीं त्यानें स्वतःचा ट्रॅक्टर काढला तेव्हां त्यालाच आपलें नांव सरळ वापरतां येईना, आणि म्हणून ‘फोर्डसन’ हें नांव घ्यावें लागलें.

नेब्रास्का संस्थानांतील ऑसेओला गांवाजवळच्या विल्मट क्रोझियर ह्या शेतकऱ्यानें १९१६ च्या सुमारास हा मिनियापोलिसचा ट्रॅक्टर विकत घेतला. यंत्र शेतांत टिकेना. बदलून आणलेलें दुसरें यंत्रहि तसेंच निघालें. मग त्यानें दुसऱ्या एका कंपनीचें लहान यंत्र घेतलें. त्यानेंहि निराशाच केली. पेरणीची घात साधण्यासाठीं घेतलेलें यंत्र ऐन हंगामांत उभें राहिलें म्हणजे काय होतें, हें शेतीच्या घरांत वेगळें सांगावयास नको. यंत्राची किंमत जाते, दुरुस्तीचा खर्च जातो, आणि त्याहून मोठी हानि म्हणजे वाफसा निघून जातो. गेलेला पैसा पुढच्या सालीं मिळवितां येतो. गेलेली घात त्या सालापुरती गेलीच.

क्रोझियरनें तरीहि यंत्रावरचा विश्वास सोडला नाहीं. १९१८ सालीं त्यानें रूमेली कंपनीचा जड ट्रॅक्टर घेतला. तो तीन फाळांचा नांगर ओढील असें विक्रेत्यांनीं सांगितलें होतें. प्रत्यक्षांत तो पांच फाळ ओढूं लागला. एका यंत्रानें दिलेला शब्द मोडला, दुसऱ्यानें दिलेल्या शब्दाहून अधिक केलें. विकत घेण्यापूर्वीं दोहोंतील भेद कळण्याचें मात्र कोणतेंहि साधन शेतकऱ्याजवळ नव्हतें. क्रोझियरच्या मनांत विचार आला तो ह्या ठिकाणीं. यंत्रें वाईट आहेत असा त्याचा निष्कर्ष नव्हता. चांगलें आणि वाईट निवडण्याची सोय नाहीं, हें त्याच्या मतें खरें दुखणें होतें.

तो त्या सुमारास नेब्रास्काच्या विधिमंडळावर निवडून आला होता. चार्ल्स वॉर्नर ह्या सभासदाच्या सहकार्यानें त्यानें एक विधेयक मांडलें, आणि १९१९ सालीं त्याचा कायदा झाला. कायदा थोडक्यांत असा: संस्थानांत ज्या नमुन्याचा ट्रॅक्टर विकावयाचा असेल, त्याचें एक यंत्र संस्थानच्या विश्वविद्यालयाकडे परीक्षेला दिलें पाहिजे. तें यंत्र खास बनविलेलें नसावें, दुकानांत मिळणाऱ्या मालांतलेंच असावें. परीक्षेचा निकाल सर्वांना पाहण्यास खुला राहील. निकालांतील सोयीचीं वाक्यें तेवढीं उचलून जाहिरातींत घालतां येणार नाहींत. आणि कंपनीनें दुरुस्तीचे सुटे भाग संस्थानांतच उपलब्ध ठेवले पाहिजेत. हें शेवटचें कलम ज्यानें घातलें त्यानें तुटलेल्या भागाची वाट पाहत उभ्या शेतांत दिवस काढलेले असले पाहिजेत, हें सहज ओळखूं येतें.

परीक्षेचें काम लिंकन येथील विश्वविद्यालयाच्या कृषियंत्रविभागाकडे आलें. १९१९ च्या शरदांत आरंभ केलेली पहिली चाचणी बर्फ पडल्यामुळें अर्धवट सोडावी लागली. १९२० च्या ३१ मार्चपासून ९ एप्रिलपर्यंत ‘वॉटरलू बॉय’ ह्या ट्रॅक्टरची परीक्षा झाली, आणि पूर्ण झालेली पहिली परीक्षा म्हणून तीच नोंदली गेली. हें यंत्र फ्रोलिकच्या मूळ यंत्राच्या वंशांतलें. त्याची घोषित शक्ति १२-२५ होती; परीक्षेंत ओढीची व पट्ट्याची दोन्ही शक्ति घोषित आंकड्यांहून अधिकच भरली. त्या एका वर्षांत साठाहून अधिक यंत्रें तपासलीं गेलीं. कित्येकांना परीक्षेच्या मधोमध दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि त्या सर्व अहवालांत लिहिल्या गेल्या.

परीक्षेची रीत साधी होती, म्हणूनच ती विश्वसनीय ठरली. प्रथम पट्टा लावून शक्तिमापक यंत्र फिरवावयाचें, तेंहि मिनिट दोन मिनिटें नव्हे, तर तासचे तास. मग मातीच्या धांवपट्टीवर मागें मापनाची गाडी जोडून ओढ मोजावयाची. किती पौंड ओढ, ताशीं किती मैल गति, चाकें किती घसरलीं, इंधन व पाणी किती लागलें, ह्या सर्वांची नोंद. नापास करणें हा परीक्षकांचा मुख्य हेतु नव्हता. कंपनीनें जें सांगितलें तें आणि यंत्रानें जें केलें तें शेजारीं शेजारीं मांडून ठेवणें, एवढेंच त्यांचें काम. निर्णय शेतकऱ्यानें करावयाचा. एका शेतीप्रधान संस्थानानें केलेल्या ह्या कायद्याचे अहवाल थोड्याच वर्षांत देशोदेशींचे शेतकरी व कारखानदार वाचूं लागले. पुढील काळांत पुष्कळ लहान कंपन्या बंद पडल्या. त्याचें सगळें श्रेय किंवा दोष ह्या कायद्याला देणें बरोबर होणार नाहीं. १९२१ च्या सुमारास शेतमालाचे भाव कोसळले, आणि १९२२ सालीं हेन्री फोर्डनें आपल्या ट्रॅक्टरची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खालीं आणली, हींहि कारणें तितकींच प्रबळ होतीं. परंतु नुसता फुगविलेला आंकडा सांगून यंत्र खपविण्याचे दिवस गेले, ते ह्या कायद्यानें.

ह्या परीक्षांमुळें शक्तीचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेंत मांडतां येऊं लागला. ओढीचे पौंड आणि ताशीं मैल ह्यांचा गुणाकार करून त्याला ३७५ नीं भागिलें म्हणजे ओढीची अश्वशक्ति निघते. ३,००० पौंडांची ओढ ताशीं अडीच मैलांनीं केली तर वीस अश्वशक्ति. आणि १,५०० पौंडांची ओढ ताशीं पांच मैलांनीं केली तरी वीसच. आंकडा एक, पण कामें दोन. पहिलें यंत्र जड व संथ, खोल नांगरटीचें. दुसरें हलकें व चपळ, कुळवणीचें. म्हणून केवळ आंकडा पाहून दोन यंत्रांची तुलना करणें म्हणजे शर्यतीचा खोंड आणि मोटेचा बैल ह्यांना एकाच दावणीला बांधून किंमत करण्यासारखें आहे.

पुढील वीस वर्षांत यंत्रांत मोठे फेरफार झाले. एंजिनाची शक्ति फिरत्या दांड्यानें थेट मागच्या अवजाराला देण्याची सोय १९१८ पासून बाजारांत आली. १९३१ च्या सुमारास पट्ट्यांच्या ट्रॅक्टरांत डिझेल एंजिन आलें व इंधनाचा खर्च उतरला. १९३२ पासून हवेचे रबरी टायर बसूं लागले. आधीं शेतकऱ्यांना ते नाजूक वाटले. पण लोखंडी चाकांत वायां जाणारी शक्ति त्यांनीं वांचविली आणि परीक्षेच्या आंकड्यांनीं ती गोष्ट पटवून दिली. ह्याच दशकांत हॅरी फर्ग्युसन ह्या आयरिश कारागिरानें तीन सांध्यांनीं अवजार जोडण्याची रचना पूर्णत्वाला नेली. नांगराचा भार व ओढीचा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढूं लागली. त्यामुळें हलकें यंत्र जड यंत्राचें काम करूं लागलें. १९३९ सालीं ही रचना फोर्डच्या कारखान्यांतून बाहेर पडली, आणि आज मोठ्या ट्रॅक्टरच्याहि पाठीशीं तीच दिसते.

शक्ति खरी असली तरी ती स्थळकाळ पाहून वापरली नाहीं तर काय होतें, ह्याचें उदाहरण दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिकेंत घडलें. ब्रिटनमध्यें तेलाची टंचाई होती. म्हणून टांगानिकांत, म्हणजे आजच्या टांझानियांत, लाखों एकर जंगल तोडून भुईमूग पिकविण्याची योजना सरकारनें १९४७ सालीं हातीं घेतली. पहिल्या वर्षाचें उद्दिष्ट दीड लाख एकरांचें होतें. युद्धांत वापरलेले जुने ट्रॅक्टर फिलिपाइन्सहून आणले; शर्मन रणगाड्यांवरून जड ट्रॅक्टर करून घेतले. पण कोंग्वा येथील माती पावसाळा सरतांच विटेसारखी कठीण होई. झाडांच्या मुळांत अवजारें मोडत. आणि दुरुस्तीची सोय व जाणते कारागीर पुरेसे नव्हते. थोड्याच महिन्यांत बहुतेक यंत्रें निकामी झालीं. ठरविलेल्या जमिनीचा दहावा हिस्साहि पहिल्या वर्षीं लागवडीला आला नाहीं. १९५१ सालीं योजना सोडून देण्यांत आली आणि साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडीत खातीं मांडावी लागली. शेकडों ट्रॅक्टरांची अश्वशक्ति तेथें होती. नव्हती ती मातीची ओळख.

त्याच वर्षांत हिंदुस्थानांतहि मोठ्या ट्रॅक्टरांची निवड चालली होती, आणि तिची कथा निराळी आहे. बुंदेलखंड, सागर, भोपाळ व नर्मदेकांठचे प्रांत ह्यांतील काळ्या जमिनींत कांस नांवाचें गवत माजलें होतें. संस्कृत कवींनीं शरदृतूच्या वर्णनांत ज्याच्या शुभ्र तुऱ्यांचें कौतुक केलें, तेंच हें काश. कवींना तें रम्य वाटलें. शेतकऱ्याला त्यानें देशोधडीला लावलें. त्याचीं मुळें इतकीं खोल जातात कीं, बैलांचा नांगर तेथपर्यंत पोंचत नाहीं. वरवर तोडलेल्या मुळाचा प्रत्येक तुकडा नवें झुडूप होऊन उगवतो. एकोणिसाव्या शतकापासून ह्या गवतापायीं गांवेंच्या गांवें जमीन टाकून गेलेलीं आहेत. ह्यावर उपाय एकच होता: रब्बीचें पीक निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंतच्या कडक उन्हांत फूटभर वा त्याहून खोल नांगरट करून मुळें वर आणावयाचीं आणि उन्हानें वाळवून टाकावयाचीं. त्या दिवसांत काळी माती दगडासारखी असते. तेवढी ओढ लहान यंत्राच्या आवांक्यांतली नव्हे.

म्हणून केंद्रसरकारनें स्थापिलेल्या ट्रॅक्टरसंघटनेनें पट्ट्यांचे जड ट्रॅक्टर निवडले. आरंभीं अमेरिकन लष्करानें मागें टाकलेलीं यंत्रें दुरुस्त करून कामास लावलीं. पुढें १९४९ च्या सप्टेंबरांत जागतिक बँकेनें ह्या कामाच्या नव्या यंत्रांसाठीं एक कोटि डॉलरचें कर्ज दिलें. त्या बँकेकडून ह्या देशाला मिळालेलें तें दुसरेंच कर्ज होय. १९५९ पर्यंतच्या अवधींत लाखों एकर पडीत जमीन पुन्हा पिकाखालीं आली. येथें यश आलें त्याचें कारण यंत्रें टांगानिकांतील यंत्रांहून थोर होतीं हें नव्हे. शत्रु कोण, तो किती खोल आहे, आणि त्यास कोणत्या महिन्यांत गांठावयाचें, हें आधीं ठरलें होतें. यंत्राची निवड त्यानंतर झाली.

महाराष्ट्राला ह्या प्रश्नाची ओळख त्याहून जुनी आहे. हराळी व कुंदा काढण्यासाठीं दख्खनच्या काळ्या रानांत चार-चार बैलजोड्यांचा अवजड लांकडी नांगर चाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडेल ह्या समजुतीनें तो बराच काळ कोणी घेईना. त्याचें काम प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र तोच नांगर गांवोगांव गेला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसली. अमेरिकेंतील शेतकरी भरमसाट आश्वासनांवर विश्वास ठेवून फसला, इकडचा शेतकरी विश्वासच न ठेवल्यामुळें कांहीं काळ मागें राहिला. दोघांचीहि शंका फिटली ती प्रत्यक्ष परीक्षेनें.

यंत्रांची अशी परीक्षा घेण्याची सोय आज आपल्या देशांत आहे. मध्यप्रदेशांत नर्मदेच्या कांठीं बुदनी येथें १९५५ सालीं ट्रॅक्टर चालविण्याचें शिक्षण देणारें केंद्र निघालें, आणि १९५९ पासून तेथें यंत्रांच्या परीक्षाहि होऊं लागल्या. त्याच सालीं फरिदाबाद येथें देशी ट्रॅक्टर तयार होऊं लागला, हा योग चांगलाच म्हणावयाचा. बुदनीच्या अहवालांत एंजिनाची शक्ति, फिरत्या दांड्याची शक्ति, ओढीची शक्ति व इंधनाचा खर्च हे सर्व आंकडे वेगवेगळे दिलेले असतात. गिऱ्हाइकानें विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच कीं, तुम्हीं सांगतां ती अश्वशक्ति ह्यांपैकीं कोणती?

दुसरा प्रश्न मात्र त्यानें स्वतःलाच विचारावयाचा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. एवढ्या जमिनीला मोठ्या शक्तीचा ट्रॅक्टर वर्षांतून थोडेच दिवस लागतो. कर्जाचे हप्ते मात्र बाराहि महिने चालतात. ज्याची जमीन मोठी आहे, किंवा जो फौलरच्या काळच्या ठेकेदाराप्रमाणें दुसऱ्यांची नांगरट करून देणार आहे, त्याला मोठें यंत्र शोभतें. बाकीच्यांनीं त्याच्याकडून काम करून घ्यावें, ह्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आणि घ्यावयाचेंच ठरलें, तर जमीन हलकी कीं भारी, काम खोल नांगरटीचें कीं ओढीच्या गाडीचें, जोडावयाचें अवजार कोणतें, इंधन किती पितो, आणि मोडलेला भाग तालुक्याच्या गांवीं मिळतो कीं नाहीं, हें पाहून मग आंकड्याकडे वळावें. क्रोझियरनें सुट्या भागांचें कलम कायद्यांत घातलें, तें उगीच नव्हे.

बैल पारखणारा म्हातारा दात पाही, खूर पाही; पण शेवटीं गाडीला जुंपून पाही. यंत्राच्या बाबतींत तें जुंपून पाहण्याचें काम एका फसलेल्या शेतकऱ्याच्या हट्टामुळें विश्वविद्यालयानें अंगावर घेतलें, आणि त्याचा निकाल सर्वांसाठीं छापून ठेवला. तो वाचण्याचे कष्ट तेवढे घेणाऱ्यानें घ्यावयाचे आहेत.